मिरीचा भाव: कोची, व्हिएतनाम आणि आपलं खळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गात सुपारीवर चढवलेल्या वेलांची वर्षाला साधारण ४०० किलो वाळलेली मिरी निघते. बातमीत व्हिएतनामची मिरी टनाला ६,५०० डॉलर दिसते, म्हणजे ८८ रुपये डॉलर धरून किलोला ५७२ रुपये. कोचीत ६९० रुपये भाव, आणि दारात येणारा खरेदीदार ६२० ला मागतो. मग खरा भाव कुठला? बाहेर स्वस्त असताना कोचीत महाग का? निर्यात वाढल्याची बातमी आली की भाव वाढायला हवा, मग तो कधीकधी उतरतो, असं का? आणि माल आता विकावा की धरावा?

हे चारही प्रश्न एकाच गाठीचे आहेत. भारतातली मिरी करांच्या कुंपणाआड विकली जाते. कुंपणाबाहेरचा भाव आणि आतला भाव हे दोन वेगळे भाव आहेत, आणि त्यांना जोडणारी दारं मोजकी आहेत. ती दारं किती रुपयांना उघडतात हे कळलं की बातमीतला कोणता आकडा आपल्या कामाचा आणि कोणता नाही, ते ठरवता येतं. खाली घेतलेले भाव हिशेब दाखवण्यासाठी प्रश्नातलेच धरले आहेत. त्या-त्या दिवशीचे आकडे घालून गणित तसंच करायचं.

आधी कुंपण पाहू. मिरीवरचा साधारण आयात कर ७० टक्के आहे. आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) करारामुळे व्हिएतनाम, इंडोनेशिया, मलेशिया या देशांच्या मिरीला तो ५० टक्के पडतो. श्रीलंकेला साफ्टा (दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार) करारात ८ टक्के, आणि भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करारात वर्षाला २,५०० टनांपर्यंत शून्य. करावर पुन्हा त्याच कराच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो. म्हणजे ५० चे ५५ होतात आणि ८ चे ८.८. वर ५ टक्के जीएसटी आहे, पण त्याची वजावट मिळते म्हणून तुलनेत तो धरत नाही. कराचे दर अधिसूचनेने बदलतात, त्यामुळे प्रत्यक्ष माल मागवणाऱ्याने त्या दिवशीचा दर आपल्या कस्टम एजंटाकडून खात्री करून घ्यावा.

याशिवाय दुसरं कुंपण आहे ते किमान आयात किमतीचं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने काळ्या मिरीला किलोला ५०० रुपये सीआयएफ, म्हणजे भाडं-विम्यासह बंदरापर्यंत पोचलेली किंमत, ही खालची मर्यादा घातली. मार्च २०१८ पासून त्याखालच्या किमतीची आयात थेट निषिद्ध केली. निर्यातीसाठी प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना यातून वेगळी वाट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आता व्हिएतनामची मिरी कोकणातल्या मिरीशी टक्कर देते का ते बघा.

५७२ रुपये सीआयएफ धरू. त्यावर ५५ टक्के म्हणजे ३१५ रुपये. झाले ८८७. बंदरातून सोडवणं, वाहतूक, हमाली मिळून किलोला १० रुपये. एकूण ८९७. कोचीत ६९० ला मिळणारी वस्तू ८९७ ला कोण आणेल? कोणी नाही. म्हणून बातमीतले ५७२ रुपये तुमच्या मिरीचे स्पर्धक नाहीतच.

श्रीलंकेचं गणित वेगळं आहे. तिथली मिरी सहसा व्हिएतनामपेक्षा महाग सांगितली जाते, कारण तिच्यात तेलाचा अंश चांगला असतो आणि तिथल्या निर्यातदारालाही भारतातला भाव माहीत असतो. समजा ७,००० डॉलर, म्हणजे ६१६ रुपये. त्यावर ८.८ टक्के धरून ६७०, वर खर्चाचे १०, म्हणजे ६८०. कोचीच्या भावापेक्षा फक्त १० रुपये कमी. हा योगायोग नाही. श्रीलंकेचा निर्यातदार कोचीचा फलक बघून त्यातून कर आणि खर्च वजा करतो आणि उरेल तो भाव मागतो. म्हणजे कोचीच्या भावाला दाबणारं जे दार आहे ते हनोईकडे नाही, कोलंबोकडे उघडतं. श्रीलंकेत पीक किती आलं आणि शून्य कराच्या २,५०० टनांपैकी किती उरलं, या दोन बातम्या तुमच्यासाठी व्हिएतनामच्या रोजच्या भावापेक्षा जास्त मोलाच्या.

यातूनच दोन आकडे मनात कोरून ठेवण्यासारखे निघतात. किमान किंमत ५०० धरली तर श्रीलंकेचा माल साफ्टाखाली कायदेशीर मार्गाने ५५४ रुपयांच्या खाली भारतात उतरू शकत नाही (५०० वर ८.८ टक्के, आणि खर्च १०). आसियानचा माल ७८५ च्या खाली उतरू शकत नाही (५०० वर ५५ टक्के, आणि खर्च १०). बाहेर मिरी फुकट मिळाली तरीही. किमान किंमत रुपयांत आहे, म्हणून डॉलर वरखाली झाला तरी हे दोन आकडे हलत नाहीत. कोचीचा भाव ५५४ च्या खाली असेल तर साफ्टाचं दार बंद आहे असं समजा, फक्त शून्य कराचे ते २,५०० टन ५१० पर्यंत येऊ शकतात. ५५४ ते ७८५ च्या मध्ये श्रीलंका हाच मुख्य स्पर्धक. आणि कोची कधी ७८५ च्या वर गेला तर व्हिएतनामकडे लक्ष ठेवायला लागा, तोवर नाही.

किमान किंमत झोपलेली आहे की जागी, हेही बघायचं असतं. ५०० रुपये म्हणजे ८८ च्या दराने टनाला सुमारे ५,६८० डॉलर. जगातला भाव याच्या वर असेल तर ही अट असून नसल्यासारखी, कारण सगळाच माल आपोआप ५०० च्या वर येतो. तो खाली आला की अट जागी होते आणि कुंपण एकदम उंच होतं. २०१८-१९ मध्ये नेमकं हेच होतं. व्हिएतनामची मिरी तेव्हा टनाला २,५०० ते ३,००० डॉलरच्या घरात होती, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास, आणि कायदा म्हणत होता ५००. कोचीचा भाव त्या काळात ३०० ते ४०० मध्ये. कागदोपत्री पाहिलं तर एक दाणाही आयात व्हायला नको होता. तरी माल येत होता, आणि मूळ किमतीपेक्षा फुगवलेली बिलं लावल्याच्या, व्हिएतनामचा माल श्रीलंकेच्या मूळ-प्रमाणपत्रावर आणल्याच्या तक्रारी व्यापारात उघडपणे होत होत्या. सप्टेंबर २०२० पासून मूळ देशाचा पुरावा आयातदाराने स्वतःजवळ ठेवायचा नियम लागू झाला, त्याच्या मागे अशाच गोष्टी आहेत.

यामुळे जुना तक्ता वाचताना हमखास चूक होते. किमान किमतीच्या अटीखाली आलेल्या मालाचा नोंदलेला भाव ५०० च्या खाली असूच शकत नव्हता. त्या वर्षांचा आयात-भावाचा आलेख काढला तर तो बाजार दाखवत नाही, नियम दाखवतो. त्यावरून “२०१९ मध्ये आयात मिरी महाग होती” असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकीचा ठरेल. ते वर्ष मिरीच्या अलीकडच्या इतिहासातलं सर्वांत वाईट वर्षांपैकी एक होतं.

आता सरकारी आकडे. वाणिज्य मंत्रालय दर महिन्याला आयात-निर्यातीचं वजन आणि मूल्य देतं. भाव असा तिथे नसतो. मूल्य भागिले वजन करून तो आपण काढतो, आणि नेमकी त्यात फसगत होते.

आयातीचं मूल्य सीआयएफ असतं, निर्यातीचं एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतचं. एकात भाडं-विमा आहे, दुसऱ्यात नाही. दोन्ही शेजारी मांडून फरकाला नफा म्हणता येत नाही. दुसरं, कोड नीट घ्या. ०९०४ ११ म्हणजे अख्खी मिरी, ०९०४ १२ म्हणजे भरडलेली किंवा दळलेली. अख्ख्या मिरीतही आठ अंकी पातळीवर हलकी मिरी, गार्बल्ड म्हणजे निवडून साफ केलेली, अनगार्बल्ड, हिरवी वाळवलेली, पिनहेड असे वेगवेगळे कोड आहेत. सहा अंकांवर थांबलात तर हे सगळं एका टोपलीत येतं. पिनहेड म्हणजे दाणा न धरलेले मोहरीएवढे कण, त्यांची किंमत कितीतरी खाली. आणि हिरवी वाळवलेली मिरी काळीच्या कितीतरी वर. टोपलीत काय जास्त पडलं त्यावर सरासरी हलते.

उदाहरण घ्या. एका महिन्यात १०० टन एमजी वन, म्हणजे मलबार गार्बल्डची पहिली प्रत, ७०० रुपयांनी गेली. सरासरी ७००. पुढच्या महिन्यात तीच १०० टन त्याच भावाने गेली, आणि जोडीला २० टन टेलिचेरीचा जाड दाणा ९५० ने गेला. सरासरी झाली ७४२. तक्त्यात सहा टक्के भाववाढ दिसेल, बाजारात एक रुपयाही वाढ झालेली नाही. भारतातून वर्षाला जाणारी अख्खी मिरी थोडी आहे, म्हणून असे झटके आपल्या आकड्यांत फार बसतात.

तिसरी गोष्ट वेळेची. आज जहाजावर चढलेला माल दोन-तीन महिन्यांपूर्वी ठरलेल्या भावाचा असतो, आणि त्याचा आकडा हाती यायला आणखी वेळ जातो. निर्यातीचा आकडा तुम्ही वाचता तेव्हा तो गेल्या मोसमाची गोष्ट सांगत असतो. चौथी गोष्ट रुपयाची. २०२१ मध्ये डॉलर ७४ च्या आसपास होता. तोच ८८ झाला तर डॉलरमधला भाव जागेवर राहूनही रुपयांत १९ टक्के वाढ दिसते. म्हणून मी तक्ता करताना तीन रकाने ठेवायला सांगतो: डॉलर, रुपये, आणि त्या महिन्याचा डॉलरचा दर. दोनच रकाने ठेवले की फसगत ठरलेली.

व्हिएतनामच्या आकड्यांत हीच पद्धत वापरली तर चित्र स्वच्छ दिसतं. २०२३ मध्ये तिथून सुमारे २ लाख ६४ हजार टन मिरी गेली आणि मूल्य ९० कोटी डॉलरच्या थोडं वर. २०२४ मध्ये वजन सुमारे २ लाख ५० हजार टन, मूल्य १३२ कोटी डॉलरच्या जवळ. वजन पाच टक्के घटलं, मूल्य पंचेचाळीस टक्के वाढलं. भागाकार केला तर टनाची सरासरी साधारण ३,४०० वरून ५,२५० डॉलरवर गेली. मागणी वाढली म्हणून हे झालं का? नाही. उलट २०२३ मध्ये व्हिएतनामकडून साठ हजार टनांच्या आसपास घेणाऱ्या चीनने २०२४ मध्ये खरेदी फारच कमी केली, तरी भाव चढले. कारण पुरवठ्यात होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मिरीचं पुढचं चक्रही त्याच चाकोरीतून फिरेल.

मिरीचा वेल लावल्यापासून नीट पीक यायला तीन-चार वर्षं लागतात. २०११ ते २०१५ मध्ये भाव चढे होते. व्हिएतनामच्या मध्य पठारावर डाक लाक, जिया लाय भागात शेतकऱ्यांनी धडाधड लागवड केली. २०१५ मध्ये तिथे किलोला दोन लाख डाँगपर्यंत (डाँग हे तिथलं चलन) मिळत होते. ती लागवड २०१७ नंतर एकदम पिकावर आली, भाव कोसळला आणि २०२० च्या सुरुवातीला ३५ हजार डाँगच्या आसपास आला. खताचा खर्च सुटेना, मर रोगाने वेल गेले ते पुन्हा लावले नाहीत, आणि त्या जागेत कॉफी व ड्युरियन हे फळ आलं. लागवड मोडल्याचा परिणाम तीन-चार वर्षांनी दिसला, आणि जून २०२४ मध्ये भाव १ लाख ८० हजार डाँगपर्यंत गेला. आणखी एक बदल असा की तिथल्या शेतकऱ्याच्या हातात आता कॉफीचा पैसा असतो, त्यामुळे काढणी झाली की मिरी विकून टाकायची घाई तो करत नाही. पूर्वी मार्च-एप्रिलमध्ये तिथे भाव हमखास पडायचे, तो उतार आता तेवढा खोल राहिलेला नाही.

कोचीचा अनगार्बल्ड भाव याच लाटेवर पण कुंपणाच्या आतून हलला. २०१४ ते २०१६ मध्ये ७०० च्या आसपास, २०१७ अखेर ४०० कडे, २०२० च्या सुरुवातीला ३०० च्या थोडं वर, २०२१ अखेर पुन्हा ५००, २०२३ च्या पावसाळ्यात ६०० ओलांडून २०२४ च्या सुरुवातीला परत ५०० कडे, आणि जून २०२४ पर्यंत ७०० च्या जवळ. डाँगमध्ये भाव सहापटीने घसरले तेव्हा कोचीत निम्म्याच्या थोडं खाली आले. कुंपणाचा उपयोग तो हा. आणि किंमतही हीच आहे, कारण वर जातानाही आपण बाहेरच्याएवढे वर गेलो नाही.

निर्यात वाढल्याने तुमचा भाव का वाढत नाही, याचं उत्तर आता सोपं होतं. कोची अनगार्बल्ड ६९० तर गार्बल्ड साधारण २० रुपयांनी वर, म्हणजे ७१०. त्यात गोणी, तपासणी, बंदराचा खर्च १५ रुपये घाला आणि ८८ ने भागा. टनाला सुमारे ८,२४० डॉलर. समोर व्हिएतनाम ६,५०० ला देतोय. १,७४० डॉलर जास्त मोजून भारताची मिरी घेणारा गिऱ्हाईक एकतर मलबार-टेलिचेरी नावासाठी, जाड दाण्यासाठी किंवा सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी घेतो. तो बाजार खरा आहे पण लहान. भारतातली बहुतेक मिरी भारतातच खाल्ली जाते. गेल्या काही वर्षांत तर आयातीचं वजन निर्यातीपेक्षा जास्त राहिलं आहे.

शिवाय “मिरीची निर्यात” म्हणून दिसणाऱ्या मालात बाहेरून आणलेली मिरीही असते. ऑलिओरेझिन, म्हणजे मिरीचा अर्क, काढणारे आणि वाफेने निर्जंतुक करून पूड पाठवणारे कारखाने निर्यातीच्या बोलीवर बिनकराची मिरी आणतात. यात नुसतं निवडून-पाखडून पुन्हा पोत्यात भरणं चालत नाही. भरडणं, दळणं, निर्जंतुक करणं किंवा अर्क काढणं, असं काही तरी झालं पाहिजे. हे कारखाने हलकी मिरी आवडीने घेतात, कारण कोवळ्या दाण्यात अर्क जास्त निघतो. त्यांची निर्यात वाढली तर व्हिएतनामचा शेतकरी खूश होईल, कोकणातल्या खळ्यावर त्याचा परिणाम शून्याजवळ.

तुमच्या भावावर खरा जोर असतो तो देशातल्या खपाचा आणि आवकेचा. केरळच्या सखल भागात काढणी डिसेंबर-जानेवारीत, कोडगू, चिक्कमगळूर, हासन आणि इडुक्कीच्या उंच भागात फेब्रुवारीपासून पुढे. आज सर्वाधिक मिरी कर्नाटकातून येते, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल हा आवकेचा मोठा काळ. उत्तरेतली मागणी दिवाळीच्या आधी आणि थंडीत वाढते. वाशीच्या मसाला बाजारात कोडगूचा माल ‘मरकारा’ नावाने ओळखला जातो, आणि कोकणचा माल विकताना खरेदीदार तुलना करतो ती त्याच्याशी.

मग ६९० आणि ६२० मधले ७० रुपये कुठे गेले? खरेदीदाराने लुटलं असं म्हणण्याआधी हिशेब मांडून बघा. अनेकदा त्यातले बरेचसे आपल्याच खळ्यावर सांडलेले असतात.

व्यवहारात ओलावा ११ टक्के धरतात. तुमचा माल १४ टक्के असेल तर १०० किलोचे ११ टक्क्यांवर आणल्यावर ९६.६ किलो उरतात. ६९० च्या भावाने किलोमागे २३ रुपये गेले. हलके, पोकळ दाणे ठरल्यापेक्षा पाच टक्के जास्त असतील आणि ते निम्म्या भावाने धरले तर १७ रुपये. देठ, काडी, धूळ दीड टक्का जास्त म्हणजे १० रुपये. झाले ५०. उरलेल्या २० रुपयांत वाहतूक, पोतं, व्याज आणि खरेदीदाराची मिळकत. सत्तरातले पन्नास परत मिळवणं तुमच्या हातात आहे, आणि कोचीचा भाव पन्नासने चढण्याची वाट बघण्यापेक्षा ते कितीतरी खात्रीचं आहे.

त्यासाठी काय करायचं तेही सांगतो. घडातला एखादा-दुसरा दाणा पिवळा-लाल झाला की घड काढा. त्याआधी काढली की दाणा भरत नाही आणि हलक्याचं प्रमाण वाढतं. तीन किलो हिरव्या मिरीची साधारण एक किलो वाळलेली होते. उतारा ३० टक्क्यांच्या खाली आला तर घड कोवळे काढले गेले असं खुशाल समजा. मळणी झाल्यावर दाणे छिद्राच्या टोपलीत घेऊन उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा आणि लगेच निथळवा. रंग एकसारखा काळा येतो, वरची घाण जाते आणि वाळण्याचे एक-दोन दिवस वाचतात. एका मिनिटाची तीन मिनिटं करू नका, साल सुटते. शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवू नका. स्वच्छ ताडपत्री किंवा चटई, पातळ थर, दिवसातून चार-पाच वेळा हात फिरवणं, संध्याकाळी झाकणं. चार ते सहा कडक उन्हं लागतात.

चुलीवरच्या माळ्यावर किंवा धुरावर मिरी वाळवायची सवय काही घरांत आहे. खाण्यापुरती असेल तर तुमची मर्जी, विकायची असेल तर नको. धुरातून येणारी काजळीची रसायनं युरोपात मोजली जातात, बेंझोपायरीनला किलोला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आणि धुराचा वास तर वाशीचा व्यापारीही नाकाने ओळखतो. चमक यावी म्हणून खनिज तेल चोळण्याचा जुना गैरप्रकारही माहीत असू द्या. २०१२ च्या अखेरीस याच कारणाने कोचीतल्या वायद्याच्या गोदामांतली हजारो टन मिरी सील झाली होती आणि मोठी किंमत त्या व्यापाराने मोजली.

वजन तपासायला लिटरचं माप पुरेसं आहे. एक लिटरचा डबा काठोकाठ भरा, ठोकू नका, वर सरळ पट्टी फिरवून जास्तीचे दाणे पाडा, आणि वजन करा. असं तीनदा करून सरासरी घ्या. ५०० ग्रॅमच्या खाली भरली तर माल हलका आहे. ५५० किंवा वर भरली तर तो चांगला आहे आणि तसा भाव मागायचा तुम्हाला हक्क आहे. जगातले भावही याच भाषेत बोलतात. “५०० ग्रॅम” आणि “५५० ग्रॅम” हे व्हिएतनामचे दोन वेगळे भाव असतात. बातमीत नुसतं “व्हिएतनाम मिरी” लिहिलं असेल तर तो आकडा अर्धवट आहे असं समजा. पोकळ दाणा ओळखायला दोन बोटांत दाबा. हलका असेल तर चुरा होतो, भरलेला दाद देत नाही. सुपाने एकदा नीट पाखडून हलकी वेगळी केली तर ती वेगळी विकता येते आणि उरलेल्या ढिगाचा भाव तिच्यापायी पडत नाही.

आता धरायची की विकायची. ६५० रुपयांचा माल सहा महिने धरला तर महिना एक टक्का व्याजाने ३९ रुपये गेले. वाळून, सांडून, कीड लागून दीड टक्का धरा, १० रुपये. म्हणजे सहा महिन्यांनी ७०० मिळाले तेव्हा तुम्ही फक्त जागेवर आलात. ७०० च्या पुढे जाईल अशी खात्री कशावरून, हा प्रश्न स्वतःला विचारा. कोची ५५४ च्या जवळ असेल तर धरण्यात अर्थ आहे, कारण खालून आयातीचा रेटा मंदावतो. कोची ६९० असताना श्रीलंकेचा माल दहा रुपयांच्या अंतरावर उभा आहे, वर जायला वाव कमी. अशा वेळी निम्मा माल काढणीनंतर महिन्याभरात विकावा, पाव भाग गणपतीच्या सुमारास आणि उरलेला दिवाळीच्या तोंडावर, असं माझं मत आहे. सगळा एकदम धरणं ४०० किलोवाल्याने करू नये. धरलेली मिरी ओलावा १० टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच आत प्लास्टिक असलेल्या पोत्यात, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या गोणीतली मिरी महिन्याभरात ओलावा ओढून घेते. त्यानंतर बुरशी, आणि बुरशीबरोबर ऑक्राटॉक्सिन, ज्याची युरोपातली मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. बुरशीचा माल पुन्हा वाळवला तरी ते विष जात नाही.

थेट निर्यातीचा विचार ४०० किलोवर करू नका. वीस फुटी कंटेनरमध्ये १३ ते १५ टन मिरी बसते, आणि परदेशी खरेदीदार सहसा त्याखाली बोलतच नाही. तालुक्यातल्या तीस-चाळीस बागायतदारांचा माल शेतकरी कंपनीखाली एकत्र झाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा आयात-निर्यात क्रमांक आणि स्पाइसेस बोर्डाचं निर्यातदार नोंदणीपत्र लागेल. माल एकसारखा चाळून घ्यावा लागेल. टेलिचेरीच्या जाड प्रतीला ४.२५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा दाणा हवा, आणि पन्नियूर-१ या जातीचा भरलेला दाणा तिथे चांगला बसतो. एमजी वनला ओलावा ११ टक्के, हलके दाणे २ टक्के आणि बाहेरचा कचरा अर्धा टक्का, याच्या आत राहावं लागतं. नमुना पाठवण्याआधी कीटकनाशकाचे अंश, साल्मोनेला आणि ऑक्राटॉक्सिन यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या, आणि नमुना प्रत्येक बागायतदाराच्या पोत्यातून घ्या, वरच्या पोत्यातून नको. चाळीस जणांपैकी एकाने धुरावर वाळवलेली मिरी मिसळली की अख्खा कंटेनर परत येतो, आणि परतीचं भाडं सगळ्यांच्या वाट्याला जातं.